थंडीतलं जाड तेल

आये, तू गेलीस तेव्हा मी हाफ चड्डीत होतो. आता दाढी येऊन राठ झाली, तरी काही विचारायचं झालं की मी आधी चुलीकडेच बघतो. तुला वाचता येत नव्हतं आणि मी शाळा अर्ध्यात सोडलेली, म्हणजे हे लिहिणं दोघांच्याही कामाचं नाही. पण बाशी धड बोलता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. प्रश्न गाडीच्या तेलाचा आहे. हसू नकोस.

मधली वर्षं मी कुठं कुठं होतो ते सांगायला लागलो तर कागद संपेल. इगतपुरीला हॉटेलात कपबशा विसळल्या, नाशकाला एका कंत्राटदाराची गाडी चालवली, खर्डीला लाकडाच्या वखारीत राहिलो. तिथला मुकादम झोपेत गाणी म्हणायचा, एकदा तर त्यानं... ते असू दे. भात कापणीच्या सुमारास निरोप आला की लॉरी चालू करायचं हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि बाचं उजवं मनगट मोडलं. म्हणून आलो. लॉरी तीच, तू बघितलेली. तेव्हा हिरवी होती, आता तिला रंगच नाही. अजूनही धसईच्या बाजारात तांदूळ-भाजी भरायची आणि मुरबाडवरून शहापूरला उतरवायची. मनगट जुळलंय, पण त्यात जोर नाही. बा स्टिअरिंग धरतो, हँडल मी मारतो.

इथली थंडी तुला ठाऊक आहे. मला ती तुझ्यासकटच आठवते. बा रात्री इंजिनातलं तेल डब्यात काढून ठेवतो, पहाटे तापवून परत ओततो, म्हणजे गारठलेलं इंजिन फिरतं. तू भाकरी थापते आहेस आणि बा तो काळा डबा घेऊन दारात उभा. "माझ्या चुलीवर गाडीचं तेल ठेवशील तर आज भाकर नाय, सांगून ठेवते!" तू ओरडतेस. बा मुकाट्यानं मागं जाऊन न्हाणीच्या चुलीवर डबा ठेवतो. तूच थोड्या वेळानं हळूच जातेस, तेलात काटकी बुडवून वर धरतेस, धार कशी पडते बघतेस आणि हाक मारतेस, "झालं बाई माझ्या सवतीचं, ने आता!" सवत म्हणजे लॉरी. एका थंडीत तू मला मारलंसही, मी माझी वाकळ तिच्या बॉनेटवर घातली म्हणून. दुसऱ्या दिवशी तुझ्याच जुन्या लुगड्याची नवी वाकळ शिवलीस. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

तर तेल. शहापूरच्या दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. पातळ टाकलं तर पहाटे दोन हिसक्यांत गाडी चालू, बाच्या मनगटालाही जमेल. पण आतून झिजलेलं हे इंजिन पातळ तेल धूर करून उडवतं, बेरिंग खडखडतं, होळीपर्यंत कायमचं बसेल. लढाई चालू आहे, विलायतेचा माल येत नाही, बेरिंग कुठून आणणार? जाड टाकलं तर इंजिन टिकेल. पण मग थंडी सरेपर्यंत रोज पहाटे तेल काढा, तापवा, ओता आणि कोणीतरी दणकट माणसानं हँडल मारायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. पातळ म्हणजे मी मोकळा, जाड म्हणजे मी इथंच. नाशकाच्या कंत्राटदाराचा दोनदा निरोप आलाय, दूर कुठंतरी लष्करी रस्ता होतोय म्हणे, मी रात्री डोळे मिटून मनातल्या मनात त्या रस्त्यावर गाडी चालवतो.

तेल आणायला घरून निघताना बा ओट्यावर विडी ओढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पातळच आण रे. मला जमतंय आता."

"गाडी बसंल ना, बा."

"बसू दे. तिला काय लग्नाची घाई हाय? म्हातारी झाली ती. तुझं बघ तू."

त्याला इंजिनातलं सगळं कळतं, आये. कळून म्हणाला. मी रागानं निघालो. कोणावर चिडलो होतो तेच कळेना, वाटेत एका बैलगाडीवाल्याशी उगाच भांडलो.

जाड आणलं. बाला सांगितलं, पातळ मिळालंच नाय. तो "बरं" म्हणाला आणि डब्याकडे बघत बसला. आज पहाटे न्हाणीच्या चुलीवर तापवून ओतलं, खांदा निखळेपर्यंत हँडल मारलं, तेव्हा कुठं बाई खोकत खोकत जागी झाली. बा स्टिअरिंगला चढून बसला, आवाजाकडे कान देऊन. "चांगली बोलतेय," एवढंच म्हणाला. धसईला निघालो. हात गारठले होते, आत काहीतरी हलकं झालं होतं आणि तरीही मी प्रत्येक फाट्यावर दुसऱ्या रस्त्याकडे बघत होतो.

मी सुधारलो असं मनात आणू नकोस. सकाळी दार उघडलं की बाच्या आधी, देवाच्याही आधी, मी हवेत हात धरून बघतो, थंडी जरा कमी झाली का.