शेवटच्या नंबरचं शेत

८ जाने.
बारडोलीकडच्या बाराही शेतांचे आकडे भरून दिले. आतापर्यंतच्या तोडीत विघ्याला, म्हणजे बिघ्याला, ऊस किती टन, पाणी किती, खत किती. मी कामाला आहे ती शेतीसल्ल्याची कंपनी म्हणते, शेती धंद्यासारखी करायची तर शेजाऱ्याशी ताडून बघा. हसमुखभाई यंदाही पहिले. त्यांची विधवा भावजय कोकिळाबेन शेवटच्या. बांधाला बांध, बेणं एक, पाट एक. तरी उतारा एवढा कमी? काहीतरी...

११ जाने.
गटाची बैठक. पडद्यावर बारा नावं, वरून खाली. हसमुखभाई अगदी गोड आवाजात : "भाभीला झेपत नाही. जमीन मी कसतो, घरातच राहील." आमच्या कंपनीच्या साहेबांनी मान डोलावली. कोकिळाबेन पायाकडे बघत होत्या. आकडे मीच भरलेले.

१४ जाने.
उत्तरायण. सुरतेतलं आमचं सगळं उधना पतंग घेऊन गच्चीवर, मी कागद घेऊन खाली. हसमुखभाई आणि कोकिळाबेन, दोघांचा ऊस एकत्र करून दोघांच्या जमिनीने भागला. बरोबर गटाची सरासरी. पुन्हा केलं. तेच. म्हणजे ऊस कमी नाही, नुसता इकडचा तिकडे?
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुले काय करनं शे?"

१७ जाने.
न कळवता गेले. कोकिळाबेनच्या शेतात तोड चालू होती. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, गाडी कोणाच्या नावावर? "हसमुखभाईच्या. तोडीचं सगळं तेच बघतात." त्याने कालच्या काटापावत्या, कारखान्यातल्या वजनाच्या, दाखवल्या. तिन्हीवर त्यांचंच नाव.
कोकिळाबेनना वाचून दाखवल्या. त्यांनी पावत्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. मग, "मारी शेरडी क्यां जाय छे, माझा ऊस जातो कुठे, दोन वर्षं विचारतेय. सगळे म्हणतात, जमिनीत दम नाही." आणि माझ्याकडे बघून, "ते तूच लिहिलंस ने, बेन?"

१९ जाने.
साहेबांना पावत्यांचे फोटो दाखवले. "घरगुती मामला आहे. गटाची सरासरी बदलते का? नाही ना?"
बाहेरचे पाहुणे आले की साहेब हसमुखभाईंचंच शेत दाखवतात. म्हणजे साहेबांना आधीपासून ठाऊक...?

२१ जाने.
कोकिळाबेनना फोन. उद्या हसमुखभाई जमीन त्यांना कसायला द्यायचा कागद घेऊन येणार. म्हटलं, सही करू नका. "तुझं तरी का ऐकू?" फोन त्यांनीच ठेवला.

२२ जाने.
सकाळी त्यांचाच फोन. शेताच्या तोंडाशी खाट टाकून बसल्यात. उसाला आपलं नाव लागल्याशिवाय गाडी बाहेर सोडणार नाहीत. तोडलेला ऊस उन्हात, वजन घटतंय. हसमुखभाईंनी साहेबांना बोलावलंय. "तू पण ये. तुझा तो बारा नावांचा तक्ता घेऊन ये. सगळ्यांसमोर वाच."
बारडोलीच्या बसमध्ये लिहितेय, तक्ता आणि पावत्यांचे फोटो सोबत. कडोदरा गेलं. साहेबांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. तिसरा वाजतोय.