तिच्या हातची बिस्किटं

याहा, परवा मी बिस्किटांचा एक अख्खा पत्रा जाळला. दुसरा जळला नाही, पण त्यातली बिस्किटं इतकी कडक झाली की कुत्र्यानेही हुंगून सोडून दिली. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी ती एकदाही करायला घेतली नव्हती. शाळेत जायला लागल्यावर चारचौघांत मी तुला मराठीत आई म्हणू लागले होते, घरात मात्र तू याहाच होतीस. हे पत्र मी मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या बोलीत मला लिहिता येत नाही आणि तुला कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हतं. म्हणून बरंही वाटतंय. जे कधी तोंडावर बोलले नाही ते आता निवांत लिहिता येईल.

झालं असं, की तुझी नात नंदुरबारच्या एका दवाखान्यात नोकरी करते, ती नाताळच्या सुट्टीला नवापूरला घरी आली तेव्हा पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन आली. म्हणाली, "आई, हे बघ, तिकडे एक बाई घरीच करते. खारी बिस्किटं आहेत, आत डुकराचं मांस आणि शेपू." मी एक उचललं आणि अर्धं तोडलं. पापुद्रे सुटे झाले, शेपूचा वास आला आणि माझा हात तिथेच थांबला. तुझ्यानंतर ही बिस्किटं करणारी जगात एकच बाई आहे, हे मला माहीत होतं. मुलीने विचारलं, "आजीच्या हातची अशीच असायची का गं?" तिला तू फारशी आठवत नाहीस. मी म्हटलं, "नाही. आजीची वेगळी असायची." आणि दुसऱ्या दिवशी ती कामावर परत गेल्यावर मी मैदा, सोडा, शेपू सगळं बाजारातून आणलं आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात मरत राहिले.

त्या दवाखान्यामागचं आपलं स्वयंपाकघर मला अजून इंच न् इंच दिसतं. ज्या परदेशी डॉक्टरबाईकडे तू स्वयंपाक करायचीस ती मी पाच-सहा वर्षांची असतानाच मायदेशी परत गेली होती, पण तिने तुला पत्र्याचा ओव्हन देऊन टाकला होता, खाली निखारे आणि वरही निखारे ठेवायचा. ही बिस्किटं तिच्याच देशातली. तिच्याकडे त्यात जी पालेभाजी घालत ती इथे मिळेना म्हणून ती कष्टी होती, आणि तू तिला बाजारातून शेपूची जुडी आणून दिलीस तेव्हा ती हुंगून रडली, असं तू सांगायचीस. बाई गेली तरी दर नाताळला तू ती करायचीस, दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांसाठी आणि रोग्यांच्या सोबत आलेल्या माणसांसाठीसुद्धा. मी दहा वर्षांची असेन. पाटावर उभी आहे, परातीत मैदा आहे, त्यात गार चरबीचे खडे आहेत, आणि तू सांगते आहेस की बोटांच्या टोकांनी नुसतं चोळायचं, ताक घातलं की गोळा करायचा आणि हात काढून घ्यायचा. मी हात काढून घेत नाही. मला मळावंसं वाटतं. तू माझं मनगट धरतेस आणि म्हणतेस, "भाकरीचं पीठ आहे का हे? किती गरम हात तुझे, सगळी चरबी वितळवलीस. सर बाजूला." एवढंच बोललीस. आवाजही चढवला नव्हतास. पण त्यानंतर दरवर्षी मी माठातल्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसायचे, बधिर होईपर्यंत, आणि तरी तू मला परातीला हात लावू दिला नाहीस.

मग मी सोळा वर्षांची असताना ती आली, त्या खोक्यातली बिस्किटं करणारी. प्रकाशा गावाच्या बाजूची, केळीच्या बागा असणाऱ्या घरातली, नर्सचं शिकायला. तिला आपली बोली येत नव्हती, तुला तिची अहिराणी पुरती कळत नव्हती, तरी आठ दिवसांत ती तुला मावशी म्हणू लागली. घरची आठवण आली की ती वसतिगृहात न रडता तुझ्या चुलीपाशी येऊन रडायची. पहिल्याच नाताळला तू तिला परातीपाशी बसवलंस. ती मांसाला शिवणार नाही म्हणून तू तिच्यासाठी वेगळ्या परातीत चरबीऐवजी तूप घेतलंस, आणि मांस मागाहून तू स्वतः मिसळलंस. ती हसत म्हणाली, "मावशी, मन्हा हात थंडा शेतस ना?" तू तिचे हात आपल्या गालाला लावून पाहिलेस. माझ्यासमोर. "बर्फ आहे नुसता," म्हणालीस आणि तिला तुपाचीच दुसरी परातही दिलीस. तिची बिस्किटं फुगली. तिने एकही खाल्लं नाही, नुसतं नाकाजवळ धरलं आणि सांगितलं की शेपू जरा कमी पडला. तू चाखून पाहिलंस आणि मान हलवलीस. जन्मापासून मी ती खात होते आणि शेपू कमी पडलाय हे मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या नाताळच्या आधी तिचे वडील तिला भेटायला आले. खांद्यावर केळीचा घड, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या वहाणा. ती वॉर्डात होती, तू बाजाराला गेली होतीस, आणि दारात मी एकटी होते. त्यांनी मला विचारलं, "पोर बरी आहे ना? जेवते ना नीट?" मी म्हटलं, "जेवते ना. आमच्यातच जेवते. डुकराच्या चरबीत पीठ कालवते, आणि भाजलं की पहिलं तीच खाते." यातलं एक अक्षर खरं नव्हतं, याहा. त्यांनी घड हळूच खाली ठेवला, जणू त्याला लागेल. दुपारच्या एसटीने ते तिला घेऊन गेले. तू बाजारातून आलीस तोवर ती ट्रंक घेऊन फाटकाशी उभी होती. तू तिच्या वडिलांशी बोललीस, दुरून मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी तू मला रोजच्यासारखी भाकर वाढलीस, आमटी वाढलीस, आणि आणखी हवी का म्हणून विचारलंस. तुला काही कळलेलं नाही, अशी माझी खात्री झाली आणि मी आणखी एक भाकर घेतली.

त्या वर्षी तू नाताळला बिस्किटं केलीस, पण मला परातीपाशी बोलावलं नाहीस. मी आपणहून गेले तर म्हणालीस, "राहू दे, मी करते." होळीनंतर एक दिवस चर्चची साडी नेसून तू सकाळच्या एसटीने गेलीस ती रात्री आलीस, कुठे गेली होतीस ते सांगितलं नाहीस. जूनमध्ये ती परत आली. तिने शिक्षण पुरं केलं, आणि ती सरकारी नोकरीवर निघाली तेव्हा तू तिला डॉक्टरबाईचं बिस्किटं कापायचं पत्र्याचं कडं दिलंस. मला तू पुढे घर दिलंस, आपलं दोन एकर रान दिलंस, कानातलं दिलंस. मी त्या कड्यावरून तुझ्याशी महिनाभर धड बोलले नाही आणि तुला वाटलं मला ताप आहे.

तर परवा पत्रा जळल्यावर मी काल सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेले. काय करायला गेले ते मलाही नीट माहीत नव्हतं. तिचं घर शोधायला वेळ लागला नाही, गल्लीत वासच येत होता. तिचे केस पुरते पांढरे झालेत. मला दारात पाहून ती म्हणाली, "तू उनी? बस ना. च्या मांडस." आत दुसरी एक बाई परातीत मांसाचे तुकडे मिसळत होती. ती स्वतः अजूनही मांसाला हात लावत नाही. वडिलांना शब्द दिला होता, ते वारले तरी पाळते. आणि आजवर तिने स्वतःचं ते बिस्कीट चाखलेलं नाही. सगळं वासावर करते. पन्नाशी उलटलेली बाई मी, दुसऱ्याच्या नाकावर जळत बसले होते.

मीच विषय काढला. म्हटलं, तेव्हा तुझ्या वडिलांना मी खोटं सांगितलं होतं. ती पत्रा पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, "माले माहीत शे. बापनी एसटीमाच सांगं." मग पत्रा बाजूला ठेवत, "मावशीले बी माहीत व्हतं. त्याच दिनले."

फाटकाशी तिच्या वडिलांनीच तुला सांगितलं होतं की तुमच्याच पोरीने सांगितलं म्हणून. होळीनंतर तू प्रकाशाकडे त्यांच्या गावी गेली होतीस. त्यांनी तुला बाहेर ओट्यावर बसवलं, चहा वेगळ्या कपात दिला, आणि तो पिऊन कप तूच विसळून पालथा घातलास. तू म्हणालीस, "माझ्या पोरीने चूक सांगितलं. तुमच्या पोरीने मांसाला हात लावलेला नाही आणि माझ्या चुलीपाशी लावणारही नाही. सुई टोचताना तिचा हात हलत नाही, असा हात घरी बसवू नका." वडिलांनी दोन महिने विचार केला. ती परत आल्यावर तू तिला सांगितलंस की माझ्या मुलीवर राग धरू नको, ती एकटी वाढली आहे, तिला वाटून घ्यायची सवय नाही. हे सगळं तिने मला अगदी सहज सांगितलं, चांगली आठवण सांगावी तसं. मी ऐकत होते आणि मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण त्याहून जास्त हे वाटलं, की माझ्याबद्दलसुद्धा तू तिच्याशीच बोललीस. मला एक शब्द बोलली असतीस. एक थोबाडीत दिली असतीस तरी चाललं असतं.

तिने मला जेवायला ठेवून घेतलं, वरणभात आणि शेवग्याची भाजी. निघताना तिने खोका बांधला आणि जरा संकोचून सांगितलं की तिच्या बिस्किटांत एक गोष्ट कमी पडते. मांस ती सुरतेहून पाकिटातलं मागवते, त्याला तुझ्या मांसाचा वास नाही, हे तिला नाकाने कळतं. ते काम तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं, शब्द दिलेला होता ना. "मावशी ते कशी करे? धूर कसाना दे? तुले आठवस का?"

मी म्हटलं, "नाही गं. लहान होते मी."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग," आणि मला रिक्षापर्यंत सोडायला आली.

मीठ आणि गूळ चोळून पाच दिवस मडक्यात. रोज सकाळी उलटायचं, सुटलेलं पाणी ओतून द्यायचं. मग चुलीवरच्या माळ्याला टांगायचं. सागाचं लाकूड नको, कडू होतं. मोहाचं हवं, अर्धं ओलं, आणि जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. नऊ वर्षांची असल्यापासून ते माझं काम होतं, तू दुसऱ्या कुणाला त्याच्या जवळ जाऊ देत नव्हतीस. मला सगळं आठवतं, याहा, आणि मी तिला आठवत नाही म्हणून सांगितलं. रिक्षात बसल्यावर तिने परत हात केला, तेव्हाही मला सांगता आलं असतं.