भरतच्या नावाचं बोट

३ मार्च

सातपुड्यातल्या काठी गावची होळी पाहून दुपारी घरी आलो. ती पहाटे पेटते. ढोल अजून कानात आहेत.

संध्याकाळी चंद्रग्रहण. शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावली, मुलं गोळा केली. चंद्र उगवला तो धुळीच्या पट्ट्यात. नीट दिसू लागला तेव्हा ग्रहण सुटलं होतं! "सर, हा तर रोजचाच," मुलं म्हणाली. खरं आहे.

मायने ग्रहणात पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणे, "भरतना वाटानंबी मीच धरं." भरत, माझा धाकटा भाऊ. गेल्या श्रावणात तापीचं पाणी चढलं तेव्हा काठावरची पाण्याची मोटार काढायला उतरला. मोटार सापडली, तो नाही.

१९ मार्च

पाडवा. मरण झालेल्या घरात आमच्याकडे वर्षभर गुढी उभारत नाहीत. मायने उभारली. गल्ली बघत राहिली. माय मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "आमना घरमा कोन मरेल शे?"  मी गुढीला दोरी बांधून दिली आणि आत आलो. भरतची बायको चेतना दिवसभर चुलीपाशीच होती.

२१ मार्च

काल विषुवदिन झाला. आज उजाडायच्या आत चुनीलालभाईंच्या मळ्यात. नदीकडच्या बांधावर तो उभा दगड आहे, माथ्यावर खाच कोरलेला. कोणी उभा केला, कशासाठी, सारंगखेड्यात कोणालाच सांगता येत नाही. माझी जुनी अटकळ — विषुवाच्या दिवसांत सूर्य बरोबर त्या खाचेतून वर येत असणार. दोन वर्षं ढग आडवे आले. आज आभाळ स्वच्छ होतं आणि सूर्य खाचेच्या चांगला बाजूला उगवला. संपलं. किंवा दगड मधे कधीतरी कलला असेल. अटकळ सोडवत नाही, हेच खरं.

चुनीलालभाई गुजर. त्यांचं वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी बसतं. इराणात कालच बसलं. आमच्या शेतावरच्या सालदाराचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बसतं, शाळेचं जूनमध्ये. पृथ्वी नुसती फिरते, तिला कुठेच गाठ मारलेली नाही. गाठी आपल्या.

निघताना चुनीलालभाई म्हणाले, "मास्तर, तुन्ही माय रोज सकाये या बांधवर येस. पान्याकडे देखत बठस." मला ठाऊक नव्हतं. मी तिला घरी काही विचारलं नाही.

३० मार्च

मी चेतनाचा जेठ, थोरला दीर; मान राखून ती समोर सहसा बोलत नाही. आज दाराआडून म्हणाली, "दादा, आखाजीले भाऊ लेवाले येनार शे. माहेरले कसी जाऊ — बांगड्या भरीसन का उतारीसन?"

गेलेल्या माणसाची पहिली घागर आखाजीला भरतात. सकाळी उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि एकेका पितराचं नाव घ्यायचं. भरतच्या नावाचं बोट ओढलं की तो गेला. नाही ओढलं तर चेतना अशीच लटकलेली. बेपत्ता माणसाला मेलेला धरायला कायदा सात वर्षं थांबा म्हणतो. ती अजून तिशीचीसुद्धा नाही.

म्हटलं, बघू. वडील नाहीत, तेव्हा बोट मीच ओढायचं. त्यात अवघड काय आहे? पुरात गेलेला माणूस परत येत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

६ एप्रिल

मायने पंचांग पुढ्यात आणून ठेवलं. यंदा तृतीया एकोणीसला दिवस वर आल्यावर लागते आणि वीसला सकाळी साडेसाताच्या सुमारास संपते. गावात वाद आहेच, आखाजी कुठल्या दिवशी.

"दोन दिन पडनी, मंग ती खरी कसी? तू गावले सांग, औंदा घागर भराले दिन नही. तू आभायना मानूस, तुन्हं आयकतीन."

"माय, तिथी शे ती शेच. मी खोटं कसं सांगू?"

"आभायले काय फरक पडस?"

मी सूर्य-चंद्रातलं अंतर समजावत बसलो. ती पंचांग घेऊन उठून गेली.

८ एप्रिल

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, रंजिताने आज पहिल्यांदाच विचारलं, "तुमले काही वाटस का नही?" म्हटलं, वाटून पाणी उतरतं का? ती ताट घेऊन उठली. बरोबर बोललो, पण बरं बोललो नाही.

१८ एप्रिल

माय कुंभाराकडून दोन घागरी घेऊन आली. एक वडिलांची. दुसऱ्या घागरीकडे मी बघत राहिलो तर म्हणाली, "चेतनाले टांगेल कसी ठेवू? मन्हं काय, मी नदीवर जासूच." चेतना आत होती, तिनेही ऐकलं असणार. आज ती जेवली पोटभर.

सुटलो. घरातला प्रश्न मिटला.

१९ एप्रिल

आखाजी. लिंबाला झोके, पोरींची गाणी. घरात सांजोऱ्या, आमरस. घागरींवर डेरगी, म्हणजे लहान मडकी ठेवली, त्यांवर खरबूज. तृतीया लागल्यावर अंघोळ करून उंबऱ्याशी बसलो. आजोबांचं बोट ओढलं, नाव घेतलं. वडिलांचं ओढलं, नाव घेतलं — दोधू. मायने कुंकवाची वाटी पुढे केली. "वढ. भरतनं."

बोट वाटीत बुडवलं. लहानपणी तो झोक्यावर उभा राहायचा आणि मला खालून ढकलायला लावायचा. दादा, अजून वर, अजून वर.

माझ्या तोंडून निघालं, "माय, तिथी सकायलोंग शे. सकाये वढसू."

 मायने वाटी झाकून ठेवली. मी चेतनाच्या भावाला फोन करून सांगितलं, उद्या या. रंजिता माझ्याकडे बघत होती. तिला काय दिसलं कोण जाणे.

२० एप्रिल

तृतीया संपली. मी जागा होतो, खाटेवरून उठलो नाही.

नंतर दाराशी आलो तर उंबऱ्यावर दोन सुकलेल्या बोटांशेजारी तिसरं, ओलं. चेतनाने ओढलेलं. मायने तिचा हात धरला होता. मला बघून माय म्हणाली, "तुन्हाकडतीन नही व्हनार, माले ठाऊक व्हतं."

मला ते ओलांडता आलं नाही. दारातच बसलो आणि रडलो. श्रावणापासून पहिल्यांदा.