साधनाला पाण्याची भीती

८ फेब्रुवारी, इंदिरानगर
तिकिटं आली. ओझरहून निघायचं, दोनदा विमान बदलून अंदमान. तिथे दोन दिवस शिडाच्या बोटीतून बेटं फिरायची, आणि एकदा पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने, तेजस्विनीने दिलेली भेट; तीही सोबत येणार.

साधनाला मात्र पाण्याची भीती. जन्म पंचवटीतला, गोदावरी घरापासून हाकेवर, तरी बायको गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली मी पाहिली नाही. या वेळी तिला खाली नेणारच. मी सोबत असलो की येईल.

१० फेब्रुवारी
तेजू म्हणाली, "बाबा, आईला विचारलंत का?" साधना मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मी कुठे नाही म्हणतेय?" म्हणजे घाबरलीच आहे.

तिला धीर दिला. घोटीजवळ आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी सातव्या वर्षी पोहायला लागलो. वडिलांनी, अण्णांनी, पाठीला सुका भोपळा बांधला आणि ढकललं. पुढे तळातला गाळ मुठीत आणून दाखवायची पैज लागायची. श्वास रोखण्यात गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मनात विठ्ठलाचं नाव घेत राहायचं — छाती आपोआप शांत होते. समुद्र म्हणजे काय, मोठी विहीरच.

१७ फेब्रुवारी, बोटीवर
इंजिन बंद केलं आणि शीड भरलं. इतकी शांतता देवळातसुद्धा पहाटेच मिळते. पाणी असं नितळ की तळातली वाळू दिसते. हात आपोआप जोडले गेले.

साधना पार पुढच्या टोकाला, पाय खाली सोडून बसली होती. "मागे सरक," म्हटलं. नुसती हसली.

१८ फेब्रुवारी
सकाळी उथळ पाण्यात सराव. शिकवणारा अमित, तेजूच्याच वयाचा. त्याचा पहिला नियम — श्वास रोखायचा नाही. नळीतून घेत राहायचा, सोडत राहायचा. खाली भरलेला श्वास कोंडून वर आलं तर आतली हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं.

आणि माझं डोकं पाण्याखाली गेलं की श्वास बंद! मी करत नाही, होतो. "काका, बुडबुडे दिसत नाहीत." पुन्हा. "काका, सोडा ना." नाम घेऊन पाहिलं, तर आणखीच कोंडला. शेवटी अमित म्हणाला, "काका, तुम्हाला नाही नेता येणार. तुमची सवय फार पक्की आहे."

"बाबा, विहीर आडवी आली," तेजू हसू दाबत म्हणाली.

मी सांगितलं, मग आता साधनाही जाणार नाही, ती एकटी कशी जाईल? साधना तेव्हा डोकं पाण्यात घालून सावकाश बुडबुडे सोडत होती.

दुपारी
गेली. मंगळसूत्र काढून माझ्याकडे दिलं आणि अमित, तेजूबरोबर गेली. मी बोटीच्या कडेला. पाण्यावर बुडबुडे फुटत होते, त्यांतले तिचे कुठले ते ओळखू येईना. रामरक्षा म्हणायला घेतली, मध्येच विसरलो.

वर आली. काच डोळ्यांवरून सरकवली. "अहो, खाली कासव गवत खात होतं. गाईसारखं, मान खाली घालून. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने."

१९ फेब्रुवारी
चहा घेताना विचारलं, भीती कुठे गेली?

"कुठली? पुरुष पोहत असताना विहिरीवर बायकांनी थांबायचं नाही, असं तुमच्या आई म्हणाल्या होत्या, म्हणून मी कधी उतरले नाही. भीतीचं तुम्हीच ठरवलंत."

तिने कप खाली ठेवला आणि मला छातीभर पाण्यात नेऊन उभं केलं. अमितने पाठीवर टाकी बांधली, नळी तिने माझ्या तोंडात दिली. "खाली गेलं की माझ्याकडे बघा. मी सोडला की तुम्ही सोडा."