व्यायाम : नाही

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तुमच्या तब्येतीची चौकशी अजून चालू आहे. काल दुपारी म्हाताऱ्यांच्या पाहणीतल्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तुम्ही रिटायर झालात त्या वर्षी आपल्या आळीत सुरू झाली, तीच ही पाहणी. दर वर्षी नाडी बघायची, अंगणात दोरी टाकून तेवढं अंतर चालायला लावायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्म भरायला अर्थातच मी, आळीतला एकुलता एक संस्कृतचा मास्तर. "आजोबा, व्यायाम करता का?" पहिल्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही मिशीत हसलात. "व्यायाम तालमीतल्या पोरांनी करावा. आमी काय, गेटपातुर जाऊन येतो." मी लिहिलं, 'नाही'.

गेटपातुर म्हणजे चिंचवडहून पिंपरीला, कंपनीच्या गेटापर्यंत, रोज, पायी. रिटायर झाल्यावरही. पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत तुम्ही तिथे हजर. माणसं आत गेली की वॉचमनबरोबर एक बिडी, आणि परत. छंदातल्या मात्रा मोजण्यात माझा जन्म चाललाय, पण तुमची ती चाल मला मोजण्यासारखी वाटली नाही. खरं म्हणजे लिहायची लाज वाटली. दोन-तीन वर्षं असंच चाललं, मग शाळेत शिक्षकांच्या खोलीत एकानं विचारलंच, "काय मास्तर, वडिलांना कंपनीनं परत घेतलं की काय?" सगळे हसले, मीही हसलो आणि ते हसू तसंच घरी घेऊन आलो. तुम्ही चुलीपाशी भाकरी कुस्करताय, आई वाढतेय, आणि मी उभ्या उभ्याच म्हणतोय, "आबा, पुरे झालं ते गेट. लोक हसतात." तुम्ही वर बघत नाही. "बरं," एवढंच म्हणता. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरी. महिन्याभरात मी आरामखुर्ची आणली आणि आळीभर पितृभक्त म्हणून मिरवून घेतलं.

पुढच्या पाहणीला त्या खुर्चीतून उठायला तुम्हाला दोन्ही हात लागले. दोरी अर्धी झाली आणि तुम्ही भिंतीला टेकलात. "वर्षात काही बदललं का?" डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, "वय, दुसरं काय." "व्हय, वयच," तुम्ही म्हणालात. व्यायामाच्या रकान्यात मी पुन्हा 'नाही' लिहिलं. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. त्या रकान्यात मात्र कधी काही बदललंच नाही.

काल बाईंनी ते सगळे फॉर्म पुढ्यात मांडले. "सर, तुमचे वडील कागदावर नुसते बसून. तरी पहिली वर्षं पाय तरण्या माणसासारखे, आणि मग एकाच वर्षात ढासळले. हे कोडं काही सुटत नाही." मी थकलोय, आबा. खोटं सांभाळायलाही अंगात जोर लागतो. गेटचं सांगून टाकलं. बाईंचा चेहरा उजळला. "अहो, हेच तर हवं होतं! मग चालणं बंद कशानं झालं?" हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. मी म्हणालो, "गुडघे." त्यांनी लिहून घेतलं, खाली मी सही केली.

तुमचे गुडघे शेवटपर्यंत धड होते.