सीताबर्डीच्या हॉटेलात दोन दिवस

जानेफळ, ४ डिसेंबर १९६४

प्रिय सिंधू,

अनेक आशीर्वाद. नागपूरचं कापूस-प्रदर्शन पाहून सुखरूप घरी पोचलो.

जावईबापूंनी मला उतरवलं त्या हॉटेलचं वर्णन करून करून माझं तोंड दुखलं. भर सीताबर्डीत, पण आत पाऊल टाकलं की चिडीचूप. मोजून दहा खोल्या, पायाखाली गालिचा, उशाशी ताजी फुलं. सकाळी उठून मी आपला सवयीनं गादी गुंडाळली आणि पंच्यानं खोली झाडून काढली. तिथला नोकर हातच जोडू लागला, 'बाबूजी, तुमीच झाडलं त मॅनेजर मले काऊन ठेवीन?' मग दोघांनी मिळून गादी पुन्हा पसरली. हे ऐकून शेजारचे कारभारीकाका हसून हसून ओट्यावरून पडायचे राहिले.

हॉटेल काऊन लागलं, ते तू जाणतेसच. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी तुझ्या ओसरीवरूनच माघारी फिरतो. यंदा तू डबाच घेऊन हॉटेलात आलीस. मी म्हटलं, 'नातू झाल्यावर जेवीन.' तू नुसतं 'बरं बाबा' म्हणालीस, आणि झाकण लावून डबा परत घेऊन गेलीस.

नंतर मी हॉटेलातल्या टेबलावर तिथलंच जेवायला बसलो. कोणी रांधलं, रांधणारा कोणत्या घरचा, मी काही विचारलं नाही. अर्धी पोळी झाली आणि घास तोंडातच फिरू लागला. परक्याच्या हातचं चालते, अन् पोटच्या पोरीच्या हातचं नाही!

घरी आल्यावर तुझ्या मायला सांगितलं. ती म्हणाली, 'तुमची रीत गादीवर लोळली, अन् माही लेक भरला डबा घेऊन वापस गेली. शोभते का तुमाले?' पस्तीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा तिला 'चुकलं' म्हणालो. आता तुलाही म्हणतो.

म्हणून हे पत्र. येत्या बुधवारी आम्ही दोघं थेट तुझ्याकडे येतो. आठ दिवस राहू, दोन्ही वेळ जेवू. भाऊबंद नावं ठेवतील, त्यांना मी पाहून घेतो. मूल व्हायचं तेव्हा होईल. नाही झालं तरी माझं काही अडलं नाही. लेकीच्या घरी जेवायला लेक असली म्हणजे झालं. वांग्याची भाजी करजो, अन् तिखटाला हात आखडू नको.

तुझाच,
बाबा