पाठवणीची फियाट

१४ नोव्हेंबर
प्रेरणाचं लग्न ३० तारखेला. पाठवणी आपल्या फियाटमधूनच, हे ती शाळेत असतानाच आमचं ठरलंय. करमाडला तिच्या सासरपर्यंत गाडी मी चालवणार. लेक शेजारी, जावई मागे.
घरात सध्या रंगारी, मांडववाले, सगळी अनोळखी माणसं. गाडीचा आज असा बंदोबस्त केला की चोराच्या बापाला सुरू करता येणार नाही.

१७ नोव्हेंबर
गाडी सुरू होत नाही. इंजिन फिरतं, पेटत नाही. काळजीचं कारण नाही. थंडीत जुन्या गाड्या जरा रुसतात. सत्यभामा म्हणाली, थंडी कुठाय, घरात पंखा चालूये. बायकांना इंजिनातलं कळत नाही.

१८ नोव्हेंबर
नवी बॅटरी. फरक शून्य. म्हणजे दोष बॅटरीत नव्हता, हे सिद्ध झालं. प्रगती आहे.
पुण्याहून प्रेरणाचा फोन. बाबा, गाडी कशीय? म्हटलं, पळते. सत्यभामाला ताकीद दिली, पोरीला यातलं अवाक्षर कळता कामा नये.

२२ नोव्हेंबर
प्लग बदलले. कार्बोरेटर यूट्यूब बघून खोलला, धुतला, जोडला. एक स्क्रू उरला. मुळात जास्तीचाच असावा.

२४ नोव्हेंबर
शहागंजचा बन्सी मिस्त्री आला. पिशवी उघडायच्या आत म्हणाला, साहेब, लई म्हातारी झाली ही, इकून टाका. चहा पाजून परत पाठवला. माया नसलेल्या माणसानं बॉनेटला हात लावलेला मला चालत नाही.

२६ नोव्हेंबर
पिशोरहून मेव्हणा सोमनाथ आणि त्याची बायको भागूबाई आले. भागूबाई म्हणे, भाऊजी, नजर लागलीय गाडीला, दुसरं काय नाय. मी विज्ञान मानणारा माणूस. तिनं मीठ-मिरच्या ओवाळल्या तेव्हा बॉनेट फक्त उघडून धरलं, म्हणजे आतल्या भागाचीही उतरावी.
नाही उतरली.

२८ नोव्हेंबर
प्रेरणा आली. दारातच म्हणाली, बाबा, एक चक्कर मारू या? म्हटलं, लग्नघरच्या नवरीनं भटकू नये. ती गाडीवरून हात फिरवून आत गेली. फार वाईट वाटलं. सांगून टाकावं असंही वाटलं. पण उद्या सुरू होईलच, मग कशाला?

२९ नोव्हेंबर
हळद. किल्ली फिरवून फिरवून अंगठ्याला फोड. सोमनाथ म्हणाला, दाजी, दुसरा मिस्त्री आणू का? गरज नाही. फियाट आयत्या वेळी दगा देत नाही. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

३० नोव्हेंबर, सकाळी
प्रेरणा मेकअपला बसली तेवढ्यात सोमनाथच्या जीपनं टोचन करून गाडी हॉलच्या दारात लावली. झेंडूच्या माळा. देखणी दिसते. पोचली, हे महत्त्वाचं.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
प्रेरणा शेजारी बसली, जावई ऋतुराज मागे. किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. बँडवाल्यांनी तीच रडकी धून पुन्हा वाजवली. मग वऱ्हाड ढकलायला लागलं, त्यात व्याही फेट्यासकट. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. प्रेरणा सारखी म्हणत होती, बाबा, अहो ते खाली... म्हटलं, गाडीतलं मला कळतं, तू रडून घे.
शेवटी तिच्या सासूबाई आल्या. म्हणाल्या, दिवेलागणीच्या आत उंबरा ओलांडायचाय. प्रेरणा उतरली. गळ्यात पडली.
ऋतुराजची गाडी बॅटरीवरची. आवाजच करत नाही. डोळे पुसले तर समोर रस्ता रिकामा.

१ डिसेंबर
फियाट पुन्हा टोचन करून घरी.
सकाळी करमाडहून प्रेरणाचा फोन. बाबा, सीटखालचं चोरबटण दाबलं होतं का? शाळेत जाताना मी दाबायचे, मग तुम्ही किल्ली फिरवायचात. काल तेच सांगत होते.
म्हटलं, अर्थात दाबलं होतं.
फोन ठेवून खाली गेलो. बटण बंद. रंगारी आले त्या दिवशी मीच केलेलं. दाबलं. पहिल्या किल्लीला इंजिन सुरू. काय आवाज! सत्यभामा पदराला हात पुसत धावत आली. म्हणाली, आता कुठं जायचंय?
शेजारच्या सीटवर झेंडू सुकून पडलेला. म्हटलं, कुठं नाही.
गाडी बंद केली. बटणही बंद केलं. मांडववाले अजून सामान न्यायला यायचेत.